घोणस, रक्त आणि डॉ. पॅट्रिक रसेल

मृगाचा पाऊस पडून पेरण्या उरकल्या की धामणगाव रेल्वेच्या भोवतालच्या काळ्या शिवारांत निंदण-डवरणीची धांदल सुरू होते. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या तासांतून बायामाणसे दिवसभर वाकून काम करतात. हात आणि पाय हीच त्यांची अवजारे असतात आणि सापाचा दंशही बहुधा हातापायांवरच होतो. वऱ्हाडात ज्या सापाला अनेक जण परड म्हणतात आणि पुस्तकी मराठीत ज्याचे नाव घोणस आहे, तो याच शिवारातला. पिकात, बांधावर, कडब्याच्या गंजीखाली उंदीर जेथे असतात तेथे घोणसही असते. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र या सापाला एका स्कॉटिश वैद्याचे नाव आहे. त्या वैद्याच्या मृत्यूला दोनशे वर्षे उलटून गेली. तरीही त्याने जो प्रश्न हाती घेतला होता तो वऱ्हाडातील शेतमजुराच्या दृष्टीने अद्याप सुटलेला नाही. म्हणूनच डॉ. पॅट्रिक रसेल यांचे चरित्र समजून घेण्याजोगे आहे.

रसेल यांचा जन्म १७२६ साली एडिंबरो येथे झाला. त्यांचे सावत्र बंधू अलेक्झांडर हे सिरियातील अलेप्पो शहरी इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीचे वैद्य होते. वैद्यकीचे शिक्षण पुरे करून पॅट्रिक १७५० साली त्यांच्याकडे गेले आणि १७५३ मध्ये अलेक्झांडर मायदेशी परतल्यावर त्यांच्या जागी नेमले गेले. पुढील सुमारे अठरा वर्षे त्यांनी अलेप्पोत काढली. या काळात त्यांनी अरबी भाषा आत्मसात केली आणि स्थानिक लोकांचा विश्वास संपादन केला. तेथील पाशाने त्यांना फेटा बांधण्याचा मान दिला होता, यावरून त्यांच्याविषयीच्या आदराची कल्पना यावी.

१७६० ते १७६२ या काळात अलेप्पोला प्लेगने ग्रासले. रसेल यांनी शहर सोडले नाही. साथीची वाटचाल, रोग्यांची लक्षणे आणि लोकांनी योजलेले उपाय यांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. त्यांवरून पुढे १७९१ साली त्यांनी प्लेगवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अरबस्तानात देवीची लस टोचण्याची जी जुनी पद्धत होती तिची माहितीही त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविली. रोगावर ऐकीव औषध देण्यापूर्वी रोग नीट पाहावा, मोजावा आणि लिहून ठेवावा, ही शिस्त त्यांच्या अंगी येथेच बाणली. भारतात सापांच्या बाबतीत त्यांनी जे केले त्याचे मूळ अलेप्पोच्या या साथीत आहे.

कोरोमंडल किनाऱ्यावर

मायदेशी परतल्यावर रसेल लंडनमध्ये वैद्यकी करू लागले. १७७७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रतिष्ठा आणि मिळकत यांची ददात नव्हती. परंतु १७८१ मध्ये त्यांचे धाकटे बंधू क्लॉड यांची विशाखापट्टणम येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर नेमणूक झाली आणि पंचावन्न वर्षांचे पॅट्रिक त्यांच्यासोबत हिंदुस्थानास आले. आरंभी ते तेथील वनस्पतींचा अभ्यास करीत. कंपनीचे निसर्गशास्त्रज्ञ योहान कोनिग १७८५ साली निवर्तले, तेव्हा मद्रास इलाख्यातील ती जागा रसेल यांना मिळाली.

कंपनीला या जागेकडून अपेक्षा होती ती रंग, मसाले, औषधी, कापूस अशा किफायतशीर मालाची. व्यापारी संस्थेने नेमलेल्या शास्त्रज्ञाकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार? रसेल यांनी हे काम केलेच. पण त्यांचे लक्ष वेधले ते ज्यातून कंपनीला दमडीही मिळणार नव्हती अशा प्रश्नाने. साप चावून लोक मरतात. मात्र कोणता साप विषारी आणि कोणता निरुपद्रवी, याविषयी कोणालाच निश्चित सांगता येत नाही. भोळ्या समजुतींमुळे बिनविषारी सापही मारले जातात आणि विषारी सापाच्या दंशाकडे दुर्लक्ष होते. रंगावरून ओळखावे तर एकाच जातीचे साप वेगवेगळ्या रंगांचे असतात. तेव्हा रंगाऐवजी दात, डोक्यावरील शल्क, पोटाखालील पट्ट्या आणि शेपटीखालील पट्ट्यांची संख्या अशा खुणा शोधल्या पाहिजेत, असा विचार रसेल यांनी केला. गावोगावचे लोक आणि गारुडी त्यांच्याकडे साप आणीत. रसेल त्यांची चित्रे काढवून घेत आणि स्थानिक तेलुगू नावे टिपून ठेवीत. विषारी साप ओळखता यावेत यासाठी त्यांनी केलेले टिपण १७८७ साली मद्रासेत छापून वाटण्यात आले. हे ज्ञान विकत घेणारा ग्राहक नव्हता. परंतु ते एकाला दिल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नव्हते. अशा वस्तूचा पुरवठा बाजार करीत नाही, तो कोणीतरी लोकहितार्थ करावा लागतो, हे रसेल यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

या सापांमध्ये तेलुगू लोक कटुक रेकुल पोडा म्हणत असा एक जाड, आखूड शेपटीचा, अंगावर तपकिरी लंबवर्तुळी ठिपक्यांच्या तीन माळा असलेला साप होता. कुत्री आणि कोंबड्या यांच्यावर त्याच्या विषाची परीक्षा करून रसेल यांनी निष्कर्ष काढला की, नागाच्या खालोखाल हाच साप घातक आहे. हीच आपली घोणस.

त्याच सुमारास तंजावरची एक गोळी सर्पदंशावरील रामबाण उपाय म्हणून गाजत होती. तीत सोमल होता. सरकारी अधिकाऱ्यांपासून रयतेपर्यंत अनेकांचा तिच्यावर विश्वास होता. रसेल यांनी तिचीही परीक्षा घेतली आणि तिने विष उतरत नाही असे त्यांना आढळले. लोकप्रिय औषधाला खोटे ठरविण्यात ना मान असतो ना धन. पण खोट्या उपायावर जो वेळ जातो तो दंश झालेल्या माणसाच्या आयुष्यातून वजा होतो. हा हिशेब रसेल यांनी त्या काळी मांडला.

१७८९ साली ते इंग्लंडला परतले. १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा त्यांचा सचित्र ग्रंथ कंपनीच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच वर्षी शॉ आणि नॉडर यांनी घोणशीला शास्त्रीय नाव देताना त्यात रसेल यांचे नाव गुंफले. १८०३ साली विशाखापट्टणमच्या दोनशे माशांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी इकडे वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांच्या तोफा धडाडत होत्या. १८०५ च्या जुलैत लंडन येथे रसेल यांचे निधन झाले. सर्पग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचे अखेरचे भाग त्यांच्या पश्चात बाहेर आले.

रक्ताची गंगाजळी

घोणशीचे विष प्राणघातक आहे हे रसेल यांना कळले. ते का प्राणघातक आहे हे कळण्याची साधने त्यांच्या काळात नव्हती. रक्त गोठते कसे, हेच तेव्हा अज्ञात होते. आज ते बऱ्याच तपशिलाने ठाऊक आहे. रक्तात गोठण्याचे अनेक घटक सुप्तावस्थेत वाहत असतात. जखम झाली की एक घटक दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला जागे करतो. या साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होते, ते फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनाचे धागे बनविते आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्त अडकून गुठळी होते. निसर्गाने ही गंगाजळी प्रसंगासाठी राखून ठेवली आहे. जेथे जखम असेल तेथेच आणि तेवढीच ती खर्च व्हावी अशी व्यवस्था आहे.

घोणशीचे विष ही व्यवस्था मोडते. त्यातील एक घटक साखळीतील दहाव्या दुव्याला थेट जागे करतो, तर दुसरा पाचव्याला. जखम नसतानाही संपूर्ण शरीरात गोठण्याची क्रिया सुरू होते. सूक्ष्म धागे बनतात, विरघळतात, पुन्हा बनतात आणि फायब्रिनोजेनचा साठा पाहता पाहता संपुष्टात येतो. मग खरोखर गरज पडते तेव्हा तिजोरी रिकामी असते. हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते, दंशाच्या जागेतून रक्त पाझरत राहते. कधी मेंदूत रक्तस्राव होतो. मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिसचा प्रसंग येतो. रक्त गोठविणारे विष अखेरीस रक्त न गोठणारे करून सोडते, असा हा उलटा न्याय आहे. फुरशाचे विष साखळीत वेगळ्या जागी घाव घालते. परिणाम मात्र बव्हंशी तोच.

या गूढाचा एक पदर मुंबईत उलगडला. विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे १९२५ नंतर जिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले त्या संस्थेत, जॉर्ज लँब हे अधिकारी घोणशीच्या विषाचा रक्ताच्या गोठण्यावरील परिणाम तपासत होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेशी संबंधित आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास तयार केलेली प्रतिविषलस नागाच्या विषावर चालते, पण घोणशीच्या विषावर चालत नाही, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. ज्या सापाचे विष, त्यालाच उतारा, हे तत्त्व येथे पक्के झाले. भारतात वापरली जाणारी प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांविरुद्ध एकत्र बनविली जाते, त्यामागील कारण हेच.

विषाचा दुसरा उपयोग याहून विस्मयकारक आहे. हिमोफिलिया या आनुवंशिक विकारात साखळीतील आठवा किंवा नववा घटक जन्मतःच अपुरा असतो आणि दात काढल्यासारख्या क्षुल्लक निमित्ताने जीवघेणा रक्तस्राव होतो. १९३४ साली लंडनमध्ये डॉ. मॅकफर्लेन यांनी प्राणिसंग्रहालयातील सर्पविभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांच्या सहकार्याने वेगवेगळ्या सापांची विषे तपासली. घोणशीचे विष दहा हजार पटींनी पातळ करून अशा जखमेवर लावले तर रक्त थांबते, असे त्यांना दिसले. आठवा-नववा दुवा नसला तरी विष दहाव्यालाच हात घालते, म्हणून हे घडते. गोठण्याची क्रिया ही एकामागून एक घटक जागा होण्याची साखळी आहे, ही कल्पना मॅकफर्लेन यांनी १९६४ मध्ये मांडली. रक्ताच्या काही विकारांच्या निदानासाठी आजही प्रयोगशाळांत घोणशीचे विरल विष वापरले जाते. रसेल यांनी ज्या सापाच्या विषाची कोंबड्यांवर परीक्षा केली त्याच सापाने पुढे रक्ताचे शास्त्र शिकविले.

वीस मिनिटांची परीक्षा

एवढे शास्त्र प्रगत झाले तरी माणसे मरतातच. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देण्यात आला. त्यातील जवळपास निम्मे मृत्यू तीस ते एकोणसत्तर या वयोगटातील, म्हणजे घर चालविणाऱ्या माणसांचे होते. पंधरा वर्षांखालील मुलांचा वाटा पावभागाहून अधिक होता. मृत्यूंपैकी पुष्कळसे खेड्यांत आणि पावसाळ्यात घडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. हे दुर्लक्ष कोणाचे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ज्यांच्यापाशी औषध विकत घेण्याची ऐपत नाही त्यांचे रोग बाजाराला दिसत नाहीत.

घोणशीचे विष रक्तात भिनले आहे किंवा नाही हे ओळखण्याची परीक्षा इतकी साधी आहे की तिला ना यंत्र लागते ना वीज. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे ती न हलविता ठेवायची आणि मग कलती करून पाहायची. रक्त ओघळले तर गोठण्याची गंगाजळी संपली आहे आणि प्रतिविषलस ताबडतोब हवी. लस दिल्यावर यकृताला नवे घटक बनवायला काही तास लागतात, म्हणून दर सहा तासांनी परीक्षा पुन्हा करायची. एका काचेच्या नळीची किंमत ती काय! परंतु ती नळी, ती पाहणारी परिचारिका आणि लस टोचण्याचे धैर्य असलेला डॉक्टर हे तिन्ही पावसाळ्याच्या रात्री ग्रामीण रुग्णालयात एकाच वेळी हजर असले तरच तिचा उपयोग. नाही तर रोग्याला अमरावती, वर्धा किंवा यवतमाळकडे रवाना केले जाते आणि वाटेतल्या प्रत्येक मैलाबरोबर मूत्रपिंडांचे आयुष्य घटत जाते.

त्याही आधीचा वेळ जातो तो मांत्रिकाच्या ओट्यावर. तंजावरची गोळी गेली, पण तिची जागा मंत्र, मुळ्या आणि दंशावर फिरविलेले पाते यांनी घेतली आहे. रक्ताचे शास्त्र समजले की यांतील घातकपणा आपोआप ध्यानी येतो. ज्याचे रक्त गोठणारच नाही त्याच्या पायावर ब्लेडने चिरा देणे म्हणजे न थांबणारी जखम करणे होय. करकचून बांधलेल्या दोरीखाली विष साचून मांस सडते. रोग्याला न चालविता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, शक्य तितक्या लवकर रुग्णालयात नेणे, एवढाच खरा प्रथमोपचार. बिनविषारी डुरक्या घोणस ही दिसायला पुष्कळशी घोणशीसारखी असते. मांत्रिकाला जे यश मिळते ते बहुधा अशा सापांच्या बळावर. विषारी आणि बिनविषारी यांतील फरक लोकांना शिकविण्याचा रसेल यांचा खटाटोप किती मूलगामी होता, हे यावरून उमगते.

हिशेब कोणी मांडायचा?

शासनाने काही पावले टाकली आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्याच वर्षी सर्पदंशाची प्रत्येक घटना शासनाला कळविणे बंधनकारक करावे, असे राज्यांना सुचविण्यात आले. ही नोंद फार महत्त्वाची आहे. कारण जेथे दंशांची गणतीच नाही तेथे किती लस पाठवायची हे अंदाजानेच ठरते. कोठे कुप्या मुदत संपून वाया जातात, तर कोठे गरजेच्या रात्री कपाट रिकामे असते. अलेप्पोच्या साथीत रसेल यांनी प्रथम नोंदवही उघडली होती. आपण तेथवर आता येत आहोत.

लसीच्या दर्जाचाही प्रश्न आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, असे अलीकडच्या संशोधनाने दाखविले आहे. भारतीय प्रतिविषलशीसाठी लागणारे विष मात्र प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. म्हणजे दोन शतकांनंतरही वऱ्हाडातील दंशावरचा उतारा दक्षिणेकडील सापांच्या विषावरच बेतलेला आहे. या प्रदेशातील घोणशींच्या विषाचा अभ्यास होऊन त्यानुसार लशीत सुधारणा व्हावी, ही मागणी रास्त ठरते.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. हे साहाय्य स्वागतार्हच आहे. परंतु ते वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या घरातील एका व्यक्तीपुरते मर्यादित आहे. ज्या मजूर बाईच्या नावावर सातबारा नाही, पण जिचे हात पराटीच्या बुडाशी दिवसभर असतात, तिची गणना यात होत नाही. शिवाय मृत्यूनंतर दिलेल्या दोन लाखांपेक्षा मृत्यूपूर्वी वेळेवर दिलेल्या लसीच्या दहा-वीस कुप्यांचा खर्च कमी येतो, ही साधी बेरीज आहे. वाचलेल्या माणसाची पुढील वर्षांची मिळकत आणि टळलेले डायलिसिस यांचा हिशेब तर वेगळाच.

रसेल यांनी आयुष्याच्या उतरणीला परक्या देशात सापांच्या खुणा मोजल्या, त्या सामान्य माणसाला उपयोगी पडाव्यात म्हणून. ते विष उतरवू शकले नाहीत. पण साप ओळखा, खोट्या उपायावर वेळ घालवू नका आणि जे दिसते ते लिहून ठेवा, या तीन गोष्टी त्यांनी सिद्ध केल्या. धामणगावसारख्या प्रत्येक गावच्या रुग्णालयात पावसाळ्यापूर्वी पुरेशी लस, काचेच्या नळ्या आणि त्या वापरण्यास शिकलेली माणसे ठेवणे हे आजच्या शासनाला अशक्य नाही. खरिपाचा प्रत्येक हंगाम बियाणे आणि खते यांच्या साठ्याचे नियोजन करून सुरू होतो. त्या यादीत प्रतिविषलशीचे नाव लिहिले गेले, तर पॅट्रिक रसेल यांचे अर्धे राहिलेले काम पुरे होण्याच्या वाटेला लागेल.